नित्यव्रत आणि क्रिस्तपुराणाची पोथी

१. धर्मनिष्ठेचा इतिहास लिहूं लागलें कीं आपली दृष्टि प्रथम चिता, शूळ व बंदिवास यांकडे वळते. हें स्वाभाविक आहे. जो मनुष्य एका दिवसांत प्राण देतो त्याची नोंद मित्र ठेवतो, आणि पुष्कळदां शत्रुहि ठेवतो. परंतु कोणताहि समाज केवळ हुतात्म्यांच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाहीं. तो टिकतो तो सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थनेवर, ठरल्या दिवशीं ताटांतून दूर सारलेल्या पदार्थावर, आणि थकूनभागून घरीं आल्यावरहि न चुकविलेल्या पाठावर. या गोष्टींची नोंद कोणी करीत नाहीं. म्हणून इतिहासाच्या साधनांत त्या दिसत नाहींत. आणि जें साधनांत दिसत नाहीं तें घडलेंच नाहीं असें मानण्याची चूक सहज होते.

२. या चुकीचें एक ठळक उदाहरण आबे दुबॉय या फ्रेंच पाद्र्याच्या पत्रांत आहे. हिंदु लोकांच्या चालीरीतींवरील याचा ग्रंथ वाचकांस परिचित आहेच. १८२३ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध झालेल्या त्याच्या पत्रसंग्रहांत टिपू सुलतानाच्या राज्यांतील ख्रिस्ती लोकांविषयीं कठोर निर्णय दिलेला आहे. सुमारें ६०,००० ख्रिस्ती लोक धरून नेण्यांत आले, बळानें त्यांचें धर्मांतर झालें, आणि इतक्या हजारांत उघडपणें आपला धर्म सांगून मरण पत्करणारा एकहि निघाला नाहीं, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. या निर्णयाच्या लगतच तो आणखी एक गोष्ट सांगतो. राज्य बुडतांच त्यांतील बहुतेक लोक परत आले. आमचा धर्मत्याग केवळ बाह्य होता, अंतःकरणांत आम्हीं ख्रिस्तीच होतों, असें त्यांनीं सांगितलें. त्यांपैकीं सुमारें २,००० स्वतः दुबॉयकडे आले. सुमारें २०,००० मंगळूर प्रांतीं परतले व त्यांनीं आपलीं प्रार्थनामंदिरें पुन्हां उभारलीं. आतां प्रश्न असा कीं, पहिलें विधान खरें असेल तर दुसरें कसें घडलें? जेथें निष्ठा नव्हती तेथून पंधरा वर्षांनीं निष्ठा कोठून उगवली? या प्रश्नाचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखांत केला आहे. त्यासाठीं जें साधन आम्हांस सर्वांत उपयोगी वाटतें तें राजदरबारच्या दप्तरांत नाहीं. तें म्हणजे एक मराठी पोथी व तिचें हस्तलिखितांतील आयुष्य होय.

३. आरंभीं एका शब्दाचा विचार करूं. जो माझ्यामागें येऊं इच्छितो त्यानें स्वतःस नाकारावें व आपला क्रूस उचलावा, या अर्थाचें येशू ख्रिस्ताचें वचन मार्क, मत्तय व लूक या तिन्हीं शुभवर्तमानांत आहे. पैकीं मार्क व मत्तय यांत क्रूस ‘उचलावा’ इतकेंच आहे. लूकच्या नवव्या अध्यायांत तो ‘दररोज’ उचलावा असें आहे. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस यांत गोडी वाटावी, कारण लूकच्याहि सर्व प्राचीन प्रतींत हा शब्द नाहीं. चौथ्या शतकांतील प्रसिद्ध व्हॅटिकन प्रतींत तो आहे. बेझा या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन प्रतींत तो नाहीं. विद्वान्‌ संपादक सामान्यतः तो मूळचाच मानतात. पण अर्थाच्या दृष्टीनें या एका शब्दानें केवढा फरक पडतो! ‘दररोज’ हा शब्द नसेल तर क्रूस म्हणजे वधस्थानाकडे जाणारी एकदांची वाट. तो असेल तर क्रूस म्हणजे शेतावर, चुलीपाशीं, बाजारांत खांद्यावर वाहावयाचें ओझें. आपल्या परिभाषेंत बोलावयाचें तर पहिलें नैमित्तिक आणि दुसरें नित्य. नित्यकर्माचें लक्षण असें मानितात कीं, तें केल्यानें कांहीं विशेष फळ पदरीं पडत नाहीं, पण न केल्यास प्रत्यवाय मात्र लागतो. म्हणूनच नित्यकर्म कठीण. त्याला टाळी नाहीं व साक्षीदारहि नाहीं.

४. ग्रीक शुभवर्तमानांत व पत्रांत या टिकून राहण्यास ‘हुपोमोने’ असा शब्द योजिलेला आहे. त्यांतील पहिला अवयव ‘हुपो’ हा संस्कृत ‘उप’ याचा सहोदर होय. दुसऱ्या अवयवाचा अर्थ राहणें. आपल्या ‘उपवास’ शब्दाची घडणहि ‘उप’ व ‘वस्’ म्हणजे राहणें अशीच आहे. दोहोंचे उत्तरावयव निरनिराळ्या धातूंचे आहेत व रूढ अर्थहि भिन्न आहेत, हें विसरून चालणार नाहीं. अर्थानें ग्रीक शब्दास अधिक जवळचा शब्द आपल्याकडे ‘तितिक्षा’ हा आहे. तरीहि ओझ्याखालीं राहणें आणि देवाजवळ राहणें या दोन कल्पना एकाच सांच्यांत बसाव्या, हें मनोवेधक आहे. आणि ज्या पुरुषाची पोथी आपण येथें विचारांत घेत आहों त्यानेंच आपल्या भावास १५८३ मध्यें लॅटिन भाषेंत लिहिलेल्या पत्रांत, या देशच्या भाषांची रचना ग्रीक व लॅटिन यांच्या रचनेशीं मिळतीजुळती आहे, असें नमूद केलें होतें. विल्यम जोन्स याचें याच विषयावरील प्रसिद्ध व्याख्यान १७८६ मधील आहे, हें ध्यानीं घेतां या निरीक्षणाची योग्यता कळून येईल.

५. तो पुरुष म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांत जन्मलेला हा गृहस्थ रोम येथें १५७५ मध्यें जेझुइट संघांत शिरला. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास पोंचला. आणि १६१९ मध्यें गोव्यांतच वारला. स्वदेशीं तो पुन्हां गेला नाहीं. गोव्यांतील जवळजवळ ४० वर्षांपैकीं बहुतेक काळ त्यानें साष्टी प्रांतांत काढला. तो येण्यापूर्वींच साष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं होतीं. पुष्कळ कुटुंबांनीं आपल्या देवता नदीपलीकडे अंत्रुज महालांत नेऊन तेथें त्यांची पूजा अखंड चालविली. घरदार, शेतभात टाकून कुलदैवत डोक्यावर घेऊन जाणाऱ्या त्या लोकांची तितिक्षाहि कमी प्रतीची नव्हती. निष्ठा ही कोणा एका धर्माची मिरासदारी नाहीं, हें येथेंच सांगून ठेवलेलें बरें. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळी येथें पांच जेझुइट पाद्री गांवकऱ्यांकडून मारले गेले व त्यानंतर पोर्तुगीजांनीं गांवच्या पुढाऱ्यांस विश्वासानें बोलावून ठार केलें. त्या पाद्र्यांचीं प्रेतें ताब्यांत घेण्याचें काम स्टीफन्सनें केलें. हुतात्मा म्हणजे काय हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें होतें. परंतु त्याच्या हातून जें चिरकाल टिकणारें कार्य झालें तें हुतात्म्याचें नव्हे. तें एका भाषेचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या शिक्षकाचें कार्य होय.

६. क्रिस्तपुराण या नांवानें प्रसिद्ध असलेला त्याचा ओंवीबद्ध ग्रंथ रायतूर येथें १६१६ मध्यें छापला गेला. त्याचे दोन भाग आहेत. ‘पैलें पुराण’ ३६ अवस्वरूंचें असून त्यांत सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या आगमनाच्या आशेपर्यंतची कथा आहे. ‘दुसरें पुराण’ ५९ अवस्वरूंचें असून त्यांत ख्रिस्ताचें चरित्र आहे. ओंव्यांची एकंदर संख्या ११,००० च्या घरांत जाते. ग्रंथ कां लिहिला याची कथा पहिल्या पुराणाच्या आरंभींच दिलेली आहे. नवख्रिस्ती झालेल्यांपैकीं एक ब्राह्मण विचारतो कीं, आमचीं पूर्वींचीं पुराणें वाचण्यास मनाई झाली, मग त्यांच्या जागीं आमच्या भाषेंत दुसरें कांहीं कां देत नाहीं? हा प्रश्न मार्मिक आहे. देऊळ गेलें तरी चर्च उभें राहिलें. पण रात्रीं घरांत, चातुर्मासांत, आजारपणांत जें वाचावयाचें त्याची जागा रिकामी राहिली होती. नित्यव्रताला नित्यपाठ लागतो, हें त्या प्रश्नकर्त्यानें ओळखलें होतें, आणि स्टीफन्सनेंहि ओळखलें. म्हणून त्यानें लेखनाची भाषा मराठी घेतली, पूर्वकवींचे कठीण शब्द टाळून त्यांत तेथील ब्राह्मणांच्या बोलीचे शब्द मिसळले, आणि स्वर्गास ‘वैकुंठ’, सैतानास ‘देवचार’ अशीं लोकांच्या ओळखीचीं नांवें दिलीं.

७. ग्रंथ छापला गेला तो रोमन लिपींत. देशी लिपीचे ठसे पाडण्याची परवानगी मिळावी अशी विनंती स्टीफन्सनें १६०८ मध्यें संघाच्या प्रमुखास पत्रानें केली होती. पण त्याचा ग्रंथ देवनागरींत छापलेला पाहणें त्याच्या नशिबीं नव्हतें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. या तिन्हीं आवृत्त्यांपैकीं एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. वाचकांनीं या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें. छापलेला ग्रंथ नष्ट व्हावा आणि हातानें लिहिलेला राहावा, हा क्रम सामान्य अनुभवाच्या उलट आहे. यानंतर पोर्तुगीज राज्यांत देशी भाषांवरच संकट आलें. १६८४ मध्यें व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यानें हुकूम काढून तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्माविलें. ज्या सत्तेनें लोकांस ख्रिस्ती केलें तीच आतां त्यांच्या तोंडची ख्रिस्ती प्रार्थना अवघड करूं लागली. अशा काळांत हें पुराण चर्चांत व घरांत गायिलें जात राहिलें, आणि जुनी प्रत फाटली कीं कोणीतरी बसून नवी उतरून काढीत गेला. अकरा हजार ओंव्या उतरणें म्हणजे काय, हें ज्यांनीं एखादी मोठी पोथी उतरली आहे त्यांस सांगावयास नको. गीतेच्या सतराव्या अध्यायांत तपाचे शारीर, वाङ्मय व मानस असे तीन प्रकार सांगितले असून वाङ्मय तपांत स्वाध्यायाचा समावेश केला आहे. दिवसभराच्या कामानंतर दिव्याच्या उजेडांत दहा-वीस ओंव्या उतरणाऱ्या त्या अनाम लेखकाचें तप तिन्हीं प्रकारचें म्हणावें लागेल.

८. धर्मोपदेशक नसतांना धर्म कसा चालतो, याचा धडा याच काळीं एका गोमंतकीयानें घालून दिला. जोसेफ वाझ याचा जन्म साष्टींतील बाणावली येथें १६५१ मध्यें झाला. १६८१ ते १६८४ पर्यंत तो कानडा प्रांतांतील ख्रिस्ती लोकांत काम करीत होता. पुढें तो सिंहलद्वीपाकडे वळला. तेथील किनारा डच लोकांच्या हातीं गेला होता व कॅथॉलिक पाद्र्यास आसरा देणाऱ्यास १६५८ च्या जाहीरनाम्यान्वयें देहांत शिक्षा होती. १६८७ मध्यें वाझ मजुराच्या वेषानें त्या बेटावर उतरला तो आजारानें जर्जर होऊनच. गळ्यांत जपमाळ घालून तो दारोदार भिक्षा मागे. माळ पाहून ज्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटे तें घर आपलें, अशी त्याची खूण होती. पुढें कांडी येथें तो पोर्तुगीजांचा हेर समजला जाऊन बंदींत पडला. सुटल्यावर १६९७ च्या देवीच्या साथींत त्यानें रोग्यांची सेवा केली. आणि १७११ मध्यें कांडी येथेंच देह ठेवला. १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यास संतपद दिलें. आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. एका पाद्र्याला वर्षांतून एखाद्या वेळींच एका गांवीं जातां येई; म्हणून गांवोगांव ‘मूप्पु’ व ‘अण्णावी’ या नांवांनीं गृहस्थांपैकींच माणसें नेमून प्रार्थना, शिकवण व आजाऱ्यांची विचारपूस त्यांवर सोंपविलेली असे. धर्म वेदीवरून उतरून ओसरीवर आला. वाझचें स्वतःचें भिक्षान्न, अनवाणी प्रवास व जागरणें हा त्याच्या व्रताचा एक भाग. लोकांस आपल्यावांचून व्रत चालवितां यावें अशी तजवीज करणें हा दुसरा. पहिल्याची स्तुति सर्व करतात. टिकाऊपणा दुसऱ्याचा आहे.

९. आतां कानड्याकडे वळूं. तेथील ख्रिस्ती समाज मुख्यतः गोव्याहून गेलेल्या कुटुंबांचा. दुष्काळ, इन्क्विझिशनचा जाच, व गोव्यावर येणाऱ्या स्वाऱ्या या कारणांनीं सोळाव्या शतकापासून अठराव्यापर्यंत हीं कुटुंबें दक्षिणेकडे सरकत गेलीं. बोली कोंकणी असली तरी त्यांच्या घरांत पुराण मराठीच राहिलें. इंग्रजांशीं झालेल्या युद्धांत या लोकांनीं शत्रूस मदत केली असा टिपूचा आरोप होता. व १७८४ च्या आरंभीं, मंगळूरचा तह ११ मार्च रोजीं होण्यापूर्वींच, त्यांस धरून श्रीरंगपट्टणाकडे नेण्याचा हुकूम सुटला. त्यांच्या संख्येविषयीं एकवाक्यता नाहीं. ३०,००० पासून ८०,००० पर्यंत निरनिराळे अंदाज दिलेले आढळतात. पाद्र्यांस हद्दपार करण्यांत आलें, २७ चर्चें पाडण्यांत आलीं, जमिनी जप्त झाल्या, वाटेंत व बंदिवासांत असंख्य माणसें मेलीं, आणि तरुणांची सुंता करून त्यांस फौजेंत घालण्यांत आलें.

१०. धरपकडीच्या दिवसाविषयीं एक बारीक मुद्दा येथें नोंदवूं. हा दिवस २४ फेब्रुवारी १७८४, राखेचा बुधवार, असा सर्वत्र लिहिला जातो. राखेचा बुधवार म्हणजे ईस्टरपूर्वींच्या उपवासकाळाचा पहिला दिवस. रविवार सोडून चाळीस उपवास भरावे म्हणून तो ईस्टरच्या आधीं ४६ व्या दिवशीं येतो. १७८४ मध्यें ईस्टर ११ एप्रिल रोजीं होता. गणित मांडून पाहतां राखेचा बुधवार २५ फेब्रुवारीस पडतो. २४ तारखेस मंगळवार होता. म्हणजे तारीख व वार हीं दोन्हीं एकदम खरीं असूं शकत नाहींत. आमच्या मतें अशा ठिकाणीं कागदावरील तारखेपेक्षां लोकस्मृतींतील वाराला कमी लेखूं नये. कपाळावर राख लावून घेण्याचा, मांस वर्ज्य करण्याचा, व तूं माती आहेस याची आठवण करून देण्याचा तो दिवस. ज्या समाजानें आपल्या सर्वांत मोठ्या आपत्तीची खूणगांठ उपवासाच्या दिवसाशीं बांधली, त्यानें वर्षाचा हिशेब कशावर ठेवला होता हें यावरून उघड होतें. तो राजाच्या सनावर नव्हता, तर व्रतांवर होता.

११. हा बंदिवास ४ मे १७९९ रोजीं श्रीरंगपट्टण पडेपर्यंत म्हणजे पंधरा वर्षें चालला. आतां साधा हिशेब करावा. १७८४ मध्यें जें मूल पांच वर्षांचें होतें तें सुटकेच्या वेळीं वीस वर्षांचें झालें. जें बंदिवासांत जन्मलें त्यानें चर्च, वेदी, पाद्री यांपैकीं कांहींच पाहिलें नव्हतें. उघड नांव दुसरें, उघड आचार दुसरा. अशीं हीं माणसें १७९९ मध्यें मंगळुराकडे परतलीं तीं ख्रिस्ती म्हणून. त्यांस प्रार्थना कोणी शिकविली? कोणता दिवस उपवासाचा व कोणता सणाचा, हें पंचांगावांचून कोणी मोजून ठेवलें? उत्तर एकच संभवतें. घरांतील वडील माणसांनीं, आणि बहुधा त्यांतहि आज्यांनीं व मातांनीं. कारण पुरुष फौजेंत ओढले गेले होते. क्रिस्तपुराणाच्या ओंव्या या बंदिवासांत लोकांस आधार झाल्या, अशी परंपरा मंगळूरकडील ख्रिस्ती समाजांत सांगतात. ही परंपरा समकालीन कागदानें सिद्ध करण्याचा प्रश्न बाजूस ठेवला तरी ती असंभाव्य मुळींच नाहीं. ओंवी ही पाठ होण्यासाठींच असते. चर्च पाडतां येतें, पोथी जाळतां येते. पण दळतां-कांडतां तोंडांत बसलेली ओंवी जप्त करण्याची युक्ति कोणत्याहि सरकारास अद्याप सांपडलेली नाहीं.

१२. या पार्श्वभूमीवर दुबॉयचा निर्णय पुन्हां तपासून पाहावा. त्याच्या पत्रसंग्रहाचा हेतु हिंदुस्थानांत ख्रिस्ती धर्माचा प्रसार होण्याची आशा उरलेली नाहीं हें दाखविण्याचा होता. या प्रतिपादनास हुतात्म्यांचा अभाव सोयीचा होता, हें विसरतां येत नाहीं. त्याची वस्तुस्थितीची नोंद आम्हीं नाकारीत नाहीं. भीतीनें माणसें नमलीं. नमणें हें नमणेंच. परंतु त्यानें निष्ठेचें माप एकच धरलें, तें नैमित्तिकाचें. प्राणत्यागाचा प्रसंग आला आणि प्राण दिला नाहीं, म्हणून निष्ठा शून्य. नित्याच्या मापानें मोजूं लागल्यास हिशेब पालटतो. रोज दुसरें नांव घेऊन जगणें व रोज स्वतःचें नांव विसरूं न देणें. आपल्या मुलास तें शिकविणें व त्याच वेळीं तें बाहेर न बोलण्यासहि शिकविणें. पोटाला जें मिळेल तें खावें लागत असतांहि शुक्रवार आठवणें: हें पंधरा वर्षें, म्हणजे साडेपांच हजारांच्या जवळपास दिवस चालवावें लागलें. यांतला एकहि दिवस इतिहासांत नोंदला गेला नाहीं. पण या सर्व दिवसांची बेरीज त्यानेंच दिली आहे: परतलेले २०,००० लोक. दुबॉयनें उत्तर लिहून ठेवलें, आणि त्याच्या शेजारीं प्रश्न मात्र चुकीचा लिहिला, असें आम्हांस वाटतें.

१३. यावर कोणी म्हणेल कीं, मरण टाळणाऱ्यांचें हें समर्थन आहे व त्यानें हुतात्म्यांचें मोल कमी होतें. तसें नाहीं. प्राण देणाऱ्याचें श्रेष्ठत्व निर्विवाद आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या धर्मासाठीं एक प्राण देतो तो धर्म त्याच्या मरणानंतर दुसऱ्या दिवशीं सकाळीं कोणीतरी आचरावा लागतो. स्टीफन्सनें कुंकळ्ळीच्या मृतांस माती दिली, आणि मग पुढील तेहतीस वर्षांनीं जिवंतांच्या हातीं पोथी दिली. दोन्हीं कर्तव्येंच होतीं.

१४. पोथीचें पुढील आयुष्य थोडक्यांत सांगतों. १९०७ मध्यें जोसेफ सालढाणा यांनीं मंगळूर येथें हातीं आलेल्या हस्तलिखितांवरून हा ग्रंथ रोमन लिपींत पुन्हां छापला. १६५४ नंतरची ही पहिलीच आवृत्ति. ज्या जिल्ह्यांत १७८४ मध्यें २७ चर्चें पाडलीं गेलीं त्याच जिल्ह्यांतून ग्रंथाचा पुनरुद्धार झाला, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. यानंतर जस्टिन ॲबट यांनीं लंडन येथील प्राच्यविद्याशाळेच्या मार्सडन संग्रहांतील देवनागरी हस्तलिखिताकडे विद्वानांचें लक्ष वेधलें. त्यांत दोन भागांस ‘आदिपुराण’ व ‘देवपुराण’ अशीं नांवें असून भाषा रोमन प्रतींपेक्षां अधिक संस्कृतप्रचुर आहे. १९५६ मध्यें शांताराम बंडेलू यांनीं पुण्यास देवनागरी आवृत्ति काढली; १९९६ मध्यें कारिदाद द्राग यांची, व २००९ मध्यें नेल्सन फाल्काव यांची गद्य रूपांतरासह आवृत्ति निघाली. अशा रीतीनें ग्रंथ आतां सुरक्षित झाला आहे. पोथ्या मात्र सुरक्षित झालेल्या नाहींत.

१५. म्हणून संग्राहकांस विनंती आहे. गोवा, कानडा, सावंतवाडी, तसेंच वसई-साष्टी या भागांतील ख्रिस्ती घरांत रोमन लिपींतील जुने हस्तलिखित कागद आढळल्यास ते पोर्तुगीज हिशेबाचे समजून टाकून देऊं नयेत. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. श या वर्णासाठीं रोमन ‘एक्स’ हें अक्षर योजिलेलें असतें. ट, ण यांसारखे मूर्धन्य वर्ण त्या त्या रोमन अक्षराच्या द्विरुक्तीनें दाखविलेले असतात, जसें ‘पुराण’ शब्दांत ‘एन’ हें अक्षर दोनदां. आणि चार-चार ओळींचे बंध एकाखालीं एक पडलेले दिसतात. वाचून पाहतां मराठी कानावर पडली कीं ओळख पटली. प्रत अपुरी, पानें सुटीं, शेवट नाहीं, म्हणून तिला कमी लेखूं नये. संपूर्ण मजकूर आपल्यास छापील मिळतो. आपल्यास हवें आहे तें छापील प्रतींत नसलेलें: उतरणाऱ्याचें नांव, गांव, मिति, कोणत्या प्रसंगाचीं पानें अधिक मळलीं-झिजलीं आहेत, समासांत कोणत्या दिवशीं कोठपर्यंत वाचावें याची खूण आहे काय, घरांतील जन्म-मरणाची नोंद मागच्या पानावर केली आहे काय. प्रत विकत घेऊन दूर नेण्यापेक्षां ती ज्या घरची आहे तेथेंच तिची छायाचित्रें घेऊन, त्या घरच्या वृद्धांस त्या ओंव्या कोणत्या चालीवर म्हणत हें विचारून टिपून ठेवणें अधिक श्रेयस्कर. घर व पोथी यांची ताटातूट झाली कीं निम्मा पुरावा नाहींसा होतो.

१६. मेणाचे ओघळ व बोटांचे डाग पडलेलें पान पाहून संपादकास वाईट वाटतें, कारण तेथलें अक्षर लागत नाहीं. इतिहासकारानें मात्र तेथेंच थांबावें. त्या डागाखालीं जें अक्षर बुजलें तें आपणांस दुसऱ्या प्रतींतून भरून काढतां येईल. तो डाग पाडणारा हात कितव्या रात्रीं, किती थकून, किती भुकेला तेथवर आला होता, हें सांगणारा दुसरा लेख मात्र आपल्याजवळ नाहीं.